तळखोलीतली फरशी: दोन पावसाळ्यांनंतर

आमचं घर फोंड्याला उतारावर आहे. रस्त्यावरून बघाल तर एकमजली, पण उताराच्या बाजूला खाली आणखी एक खोली आहे आणि तिची मागची भिंत अख्खी मातीत. नकाशावर ती ‘स्टोअर’. आमच्याकडे ती मुलाच्या तबल्याची आणि बाबांच्या पेटीची खोली. गेल्या वर्षी एप्रिलात तिथली फरशी बदलली. आता दुसरा पावसाळा सरत आलाय, चवथ तोंडावर आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी लॅमिनेट होतं. दिसायला झकास. पहिल्याच जुलैत सांध्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. त्याच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो. तो एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही. उचकटलं तर खालचा फोम ओलाचिंब. दुकानदार म्हणाला, पुसताना पाणी जास्त वापरलंत. आईनं त्या खोलीत ओलं फडकं कधी मारलंच नव्हतं!

मेव्हण्याचा आग्रह एसपीसीचा, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्यांचा होता. ते पाण्यानं फुगत नाही, हे खरं. पण खालून येणारी ओल त्याच्याखालीच कोंडून राहते आणि मग वास सुटतो. ओल येते कुठून, हे आधी बघा असं आमच्या गवंड्यानं सांगितलं. त्यानं दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब लटकलेले, कोबा काळपट. वरच्या अंगाला पाणी असतं तर ते हवेतलं. आमचं जमिनीतून येत होतं.

मग पैसे आधी बाहेर गेले. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, चिरा पाणी शोषतो, आणि कुंपण तीन फुटांवर, त्यामुळे भिंतीला बाहेरून लेप द्यायला जागा नाही. म्हणून पायाला धक्का न लावता कुंपणालगत चर खणला, त्यात भोकांचा पाइप, वर खडी, आणि पाणी खालच्या व्हाळाकडे वळवलं. छपराच्या पन्हळाचं पाणीही तिथेच पडत होतं, ते दुसरीकडे नेलं. सगळ्या कामात जास्तीत जास्त फरक या चरानंच पडला. आत कोब्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, वर व्हिट्रिफाइड टाइल, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण.

सोळा महिन्यांत एकही टाइल हललेली नाही, सांधे काळे पडलेले नाहीत. तक्रार दोन. ग्राउट वेळेवर न पुसल्यामुळे एका कोपऱ्यात धुरकट पापुद्रा कायमचा बसलाय. इपॉक्सी सुकलं की विषय संपला, तेव्हा ते काम चालू असताना समोर उभे राहा. दुसरी, खोली घुमते. तबल्याला ते मारक. गालिचा घातला तर बुरशी, म्हणून सुती सतरंजी टाकतो आणि उठताना गुंडाळून ठेवतो.

भिंतीच्या तळाला वीतभर पांढरे क्षार अजून फुटतात. तिथे प्लास्टिक पेंट लावला नाही, साधा चुनाच आहे. महिन्यातून एकदा ब्रशनं झाडतो. प्लायवूडचं कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, त्याच्या पाठीला बुरशी आली. आता चार इंच सोडलेत.

माझी सगळ्यात मोठी चूक खिडकीची. जूनमध्ये ‘हवा खेळू दे’ म्हणून दुपारभर उघडी ठेवायचो आणि संध्याकाळी फरशीवर पाय घसरायचा. बाहेरची दमट उबदार हवा गार फरशीला लागली की पाणी सुटणारच. आता पावसाळ्यात खिडकी बंद आणि हवेतली ओल शोषणारं मशीन, डिह्युमिडिफायर, चालू. आर्द्रतामापक ८८ टक्क्यांवरून ६०–६२ वर येतो. टाकी चार लिटरची, रात्रभरात भरायची आणि मशीन बंद पडायचं, म्हणून पाइप सरळ मोरीत सोडला. आवाज असतो, तेव्हा रियाजाला बंद ठेवावं लागतं. विजेचं बिल वाढलं, बाबा कुरकुरतात. पण त्यांच्या पेटीच्या पट्ट्या यंदा जुलैत अडकल्या नाहीत. तबल्याची शाई-पुडी मात्र तरीही उतरते, रोज सूर लावावाच लागतो.