म्हापशाची सोलं आणि रविवारचं पोर्क

पाव किलो सोलं, म्हणजे आमसुलं, दीडशे रुपये. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चोरिसांच्या (पोर्कच्या सॉसेजच्या) माळा लटकतात त्याच्या जवळपास बसणाऱ्या एका मावशींकडून घेतली.

मी मूळची कुडाळची. आमच्याकडे आमसुलं म्हणजे बांगड्याचं तिखलं नाहीतर सोलकढी. ती डुकराच्या मटणात पडतात हे कळलं गोव्यात पर्वरीला भाड्याने राहायला गेल्यावर. भर पावसात खालच्या घरातून वास वर यायचा. एकदा न राहवून घरमालकीण आंटींना विचारलं. म्हणाल्या, "सोलांतुलें." म्हणजे सोलं घालून शिजवलेलं पोर्क. व्हिनेगर किती घालता, तर हसल्याच. "व्हिनेगर कित्याक गो? सोलां आसात मगो!"

आता ठाण्यात असते. मध्यंतरी इथल्याच एका दुकानातून पाकिटातली आमसुलं आणली होती. वर मिठाचा पांढरा थर, आत नुसतं चामडं. तीनदा धुतली, तरी किलोभर पोर्क खारट करून बसले. नवऱ्याने बिचाऱ्याने भातात कालवून कालवून संपवलं.

ही सोलं काळीशार, बोटांना चिकटणारी. दुमडली तर मोडत नाहीत. कोमट पाण्यात पाच मिनिटांत पाणी लालभडक. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळवताना त्याच रसाची पुटं पुन्हापुन्हा द्यावी लागतात, तेव्हा हा रंग येतो. पुटं चोरली की कळतंच.

किलोभर पोर्कला पंधरा सोलं पुरली. मटण चरबी-कातडीसकट घ्यायचं. कांदा, आलं-लसूण, हिरव्या मिरच्या, हळद, मिरी, दालचिनी. तेलाचा थेंब नको, चरबी सुटते तेवढी पुष्कळ. अर्धं शिजलं की सोलं टाकायची आणि मंद आचेवर विसरून जायचं. त्याच दिवशी खाल्लंत तर आंबट रस वेगळा आणि मटण वेगळं लागेल. दुसऱ्या दिवशी गरम करताना चरबीच्या कडा जांभळट झालेल्या दिसतात, आणि घास तोंडात तुपकट न होता विरघळतो. सोबत उकड्या तांदळाचा भात. माझ्या मते पावही नको.

तक्रारी आहेत. मधूनच एखादी बी दाताखाली येते. आणि मावशी कागदात बांधून देतात. रस बॅगेत झिरपला, पांढऱ्या कुर्त्यावरचा डाग अजून हटलेला नाही. पाचातला एक तारा त्या कुर्त्यापायी कापते.

बरणीत अकराच उरलीत. येत्या शुक्रवारी दीर म्हापशाला जाणार आहेत, त्यांच्या पिशवीत झाकणाचा स्टीलचा डबा आत्ताच टाकून ठेवलाय.