डेंड्रोबियम की टिलँडसिया? खारघरच्या गॅलरीसाठी

मामेबहिणीला खारघरच्या गॅलरीत लाकडावर वाढणारं काहीतरी लावायचंय, पण डेंड्रोबियम ऑर्किड की टिलँडसिया (मातीशिवाय वाढणारी ‘एअर प्लांट’), हे ठरत नाहीये. दोन्ही अपिवनस्पती. बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त फांदीचा आधार घेतात. कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या मेघवनात अशा वनस्पतींनी फांद्याच्या फांद्या झाकलेल्या असतात.

खरा फरक पाणी पिण्यात आहे. ऑर्किडच्या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. ते पाऊस चटकन टिपतं आणि पांढरट मुळं हिरवी दिसू लागतात. ती हिरवी झाली की पाणी पोचलं असं समजायचं, किती सुंदर सोय आहे ही! टिलँडसियाची मुळं बहुतेक पकडीपुरती. पाणी शोषतात पानांवरचे रुपेरी खवले. म्हणून तिला बुडवून काढायचं आणि लगेच उलटं धरून निथळायचं.

आपल्याकडच्या जुलैत हेच महत्त्वाचं ठरतं. गाभ्यात पाणी साचलं की टिलँडसिया कुजते. डेंड्रोबियम कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत लावलं, तर पाऊस बराच सोसतं. मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र दोघांनाही नको.

टिलँडसियाचं एक रोप एकदाच फुलतं, मग बुडाशी पिल्लं देऊन हळूहळू संपतं. डेंड्रोबियम वर्षानुवर्षं फुलतं.

किमतीवरून ठरवू नका. फुलं हवी असतील, रोज सकाळी पाच मिनिटं देता येत असतील आणि गॅलरीत सकाळचं ऊन येत असेल, तर डेंड्रोबियम घ्या. जागा वीतभर, पण वारा खेळता आणि पावसात रोप आत घ्यायची तयारी असेल, तर टिलँडसिया. बहिणीला मी डेंड्रोबियमच सुचवलंय.