गाडीचा विमा आणि घराचा विमा: कुठे हात आखडावा, कुठे नाही

गाडीचा विमा आपण दरवर्षी घासाघीस करून घेतो. घराचा मात्र कर्ज देणाऱ्याने मागितला तरच, आणि तोही न वाचता. निदान माझं तरी बरीच वर्षं असंच चाललं होतं. दोन्ही पॉलिसी दिसायला जुळ्या: प्रीमियम, विमा रक्कम, बारीक अक्षरातल्या अटी. पण गाडीची किंमत दरवर्षी उतरते आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च बहुधा चढतो. एकीकडे कामी आलेली काटकसर दुसरीकडे अंगाशी येते ती यामुळेच.

आधी गाडी. माझी गाडी पार चक्काचूर झाली तरी नुकसान किती? फार तर गाडीच्या किमतीएवढं. पण माझ्या गाडीने कुणाला धडक दिली, तो माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, तर भरपाईला असा सहज आकडा लावता येत नाही. त्याची उरलेली कमाई, उपचार, घरची माणसं, सगळं त्यात येतं. बऱ्याच देशांत थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, कायद्याने सक्तीचा आहे तो याच कारणाने. ब्रिटनने तो 1930 च्या कायद्याने केला. त्यामुळे थर्ड पार्टीच्या मर्यादेत निवड करता येत असेल, तर तिथे चिंगूसपणा नको.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घ्यायचा की नाही, यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उद्या ही गाडी गेली तर अशीच दुसरी शिल्लक पैशातून घेता येईल का? नवी गाडी किंवा डोक्यावर कर्ज असेल तर उत्तर ‘नाही’, म्हणून कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी पॉलिसी. बारा वर्षांची गाडी असेल तर त्या भागाचा प्रीमियम आणि गाडीची आजची किंमत शेजारी लिहून बघा. पुष्कळदा तो भाग सोडलेलाच बरा.

झीरो डेपचंही तसंच, म्हणजे झीज न कापता पैसे देणाऱ्या जोडकवचाचं. साध्या पॉलिसीत नवा बंपर लागला तरी जुन्याची झीज कापून पैसे मिळतात, आणि प्लास्टिकच्या भागांवर ही कपात मोठी असते. गाडी नवी असताना हे जोडकवच घ्यावं, जुनी झाल्यावर सोडावं. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिनाचं कवच बघा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलं की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा तुमच्याच माथी येतं.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल पुढच्या प्रीमियमवर मिळणारी सूट. समजा बंपरचं काम 5,000 चं. झिजेपोटी निम्मे गेले, वर 1,000 ची वजावट, म्हणजे दर क्लेममागे आपणच सोसायची रक्कम. हाती आले 1,500. पुढच्या वर्षीच्या 12,000 च्या प्रीमियमवर 25 टक्के सूट मिळणार होती, ती बुडाली, म्हणजे 3,000. शिवाय बोनसची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. असले ओरखडे स्वतःच्या खिशातूनच भरावेत. आणि एवीतेवी ते भरणारच असाल, तर स्वेच्छा वजावट वाढवून प्रीमियम कमी करून घेण्यात शहाणपणा आहे.

घराकडे वळलं की वजावटीची गोष्ट तीच, पण विमा रकमेची उलटी. इथे रक्कम कमी धरून प्रीमियम वाचवणं महागात पडतं. घर पुन्हा बांधायला 40 लाख लागणार आणि विमा 30 लाखांचा, म्हणजे तीन चतुर्थांश. आता स्वयंपाकघर जळून 8 लाखांचं नुकसान झालं, तर ‘8 लाख तर 30 च्या आतच आहेत’ असं आपल्याला वाटतं. पण पॉलिसीत सरासरीची अट असेल तर भरपाईही तीन चतुर्थांशच, म्हणजे 6 लाख. वजावट त्यातून आणखी जाणार.

उलट बाजूनेही चूक होते. बाजारभावाने विमा काढायचा नसतो. त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम दर, अधिक ढिगारा उपसण्याचा आणि आर्किटेक्टचा खर्च, हा आकडा धरा आणि दर दोन-तीन वर्षांनी तपासा. भाडेकरूने भिंतींची काळजी करू नये, ती मालकाची. त्याने फक्त सामानाचा विमा घ्यावा.

सामानासाठी मी एकदा मोबाइल घेऊन घरभर शूटिंग केलं. तिसऱ्या कपाटाशी पोचेपर्यंत माझा मनातला अंदाज दुप्पट झाला होता. तो व्हिडिओ आणि बिलांचे फोटो घराबाहेर, क्लाउडवर ठेवा. घराबरोबर पुरावाही जळला तर काय उपयोग? दागिन्यांना बहुधा वेगळी, छोटी मर्यादा असते.

अपवाद मात्र आधी वाचा. आमच्या भिंतीतली पाण्याची लाइन फुटली तेव्हा मी निर्धास्त होतो. सर्व्हेअर आला, टॉर्च मारला, नखाने रंगाचा पापुद्रा उचलला आणि मागचा काळा थर दाखवत म्हणाला, “साहेब, ही ओल आजची नाही.” क्लेम गेला. अचानक फुटलेला पाइप वेगळा आणि महिनोन्‌महिने झिरपणारं पाणी वेगळं. वाळवी, ओल, झीज ही देखभालीची कामं, विम्याची नव्हेत. घर सलग बरेच दिवस बंद राहिलं तरी काही कवचं थांबतात. पूर आणि भूकंप मूळ पॉलिसीत आहेत की वेगळे घ्यावे लागतात, हे देशागणिक बदलतं.

दोन्हीकडे फॉर्म खरा भरा. 1666 च्या आगीत लंडन जळाल्यावर निकोलस बार्बनने 1680 च्या सुमारास आगीचा विमा सुरू केला, तेव्हाही लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट दर होता. धोका लपवला की दर कमी लागतो, पण क्लेमच्या दिवशी ते बाहेर येतं. गाडीला नंतर बसवलेलं गॅस किट, भाड्याने चालवलेली खासगी गाडी, घरात थाटलेलं दुकान, सगळं आधीच सांगा.

कोटेशनं मागवताना विमा रक्कम, वजावट आणि जोडकवचं सगळीकडे सारखी ठेवा, नाहीतर प्रीमियमची तुलना व्यर्थ. दोन्ही विमे एकाच कंपनीकडे घेतल्यास सूट देतात, ती घ्यावी. पण आधी दोन्हींचे सुटे दर विचारून. मला एकदा ‘सूट’ धरूनही सुट्या दोघांपेक्षा जास्तच रक्कम सांगितली होती. विचारल्यावर पलीकडचा गडी हसला आणि म्हणाला, “तुम्ही बेरीज केलीत होय?”