फायनल फँटसी १३ : काही महिने खेळल्यावर, आणि रीमास्टरच्या भांडणाबद्दल

पावसाळ्यात स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला फायनल फँटसी १३ हा जपानी आरपीजी (पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायचा कथाप्रधान गेम) दिवाळीनंतरही सुटलेला नाही. तेराही प्रकरणं झाली, आता ग्रॅन पल्स या गेममधल्या मोकळ्या जगातली मिशन्स चालू आहेत. एकूण ६४ आहेत, शेवटची काही अक्षरशः घाम काढतात.

ठाण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये या गेमचं नाव काढलं की त्याचा रीमास्टर (जुन्या गेमची सुधारलेली नवी आवृत्ती) यावा की नाही यावरून दोन तट पडतात. तलावपाळीला चहा घेता घेता सुरू झालेला वाद घरी पोचेपर्यंत मिटत नाही. ऐरोलीचा माझा मावसभाऊ विरोधी गटाचा म्होरक्या. त्याने हा गेम २०१० मध्येच पीएस३ वर खेळायला घेतला आणि चौथ्या प्रकरणात सोडला. "अरे, सरळ चालत राहायचं, मध्ये मारामारी, परत चालायचं. त्याचा रीमास्टर कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझं म्हणणं असं की दादा, रीमास्टर यायलाच हवा, पण तू ज्याला नावं ठेवतोस तो सरळ वाटेचा बोगदा तसाच राहू दे.

गेमची नायिका लाइटनिंग आणि तिचे साथीदार पळत असतात. अख्खं ककून, म्हणजे ते राहतात ते हवेत तरंगणारं जग, त्यांच्या जिवावर उठलंय. अशा माणसांनी गावात थांबून दुकानदाराशी गप्पा मारायच्या का? म्हणूनच गावं नाहीत आणि खरेदीही सेव्ह पॉइंटवरच. अकराव्या प्रकरणात पल्सचं माळरान एकदम समोर पसरतं. आधीची दहा प्रकरणं भिंतींमध्ये काढली असतील तरच ते अंगावर येतं.

खरी खोट लढाईत आहे. म्हणजे लढाई वाईट आहे असं नाही, माझ्या मते मालिकेतली ती सर्वोत्तम आहे. टीममधल्या प्रत्येकाची एक भूमिका असते: रॅव्हेजरने शत्रूची चेन (वारांचा परिणाम वाढवणारा बार) चढवायची, कमांडोने ती घसरू द्यायची नाही, बार भरला की स्टॅगर, म्हणजे शत्रू डळमळतो, आणि मग सगळ्यांनी तुटून पडायचं. समोरचा मोठा वार करणार असं दिसलं की त्या क्षणी पॅराडाइम (टीमच्या भूमिकांची जोडणी) बदलून मार झेलणारा सेंटिनल पुढे आणायचा. हे जमायला लागलं की ऑटो-बॅटल (वार गेमच निवडतो ती सोय) असूनही हात थांबत नाहीत. पण ही मजा थेंब-थेंब मिळते. पॅराडाइम तिसऱ्या प्रकरणात येतात, हवी ती टीम निवडायला नववं-दहावं उजाडतं, सगळ्यांना सहाही भूमिका दहाव्यात मिळतात. पात्रांची ताकद वाढवायच्या क्रिस्टेरियमलाही प्रत्येक टप्प्यावर कुलूप. नेता पडला की बाकी दोघं धडधाकट असूनही खेळ संपला, हा नियम तर मला आजही पटत नाही. लगेच रीट्राय मिळतो, तेवढाच दिलासा.

(इथून पुढे कथा फुटते, नवीन खेळणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा.) आठव्या प्रकरणातल्या नॉटिलसमध्ये लाइटनिंगचे साथीदार साझ आणि व्हॅनिल जत्रेत फिरतात, मिरवणूक बघतात. साझच्या केसांत चोकोबो या मालिकेतल्या पक्ष्याचं पिल्लू. आणि त्याच प्रकरणात साझला कळतं की आपल्या लेकराच्या, डाजच्या, नशिबामागे ही शेजारची पोरगीच आहे. तो तिच्यावर पिस्तूल रोखतो. वडील या नात्याने इतका खरा माणूस मी दुसऱ्या कुठल्या आरपीजीमध्ये पाहिला नाही. दादा इथपर्यंत पोचलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पार्श्वसंगीत मासाशी हामाउझूचं. लढाईची धून अजून कंटाळवाणी झालेली नाही.

मालिकेतल्या दहाव्या भागाला २०१३ मध्ये एचडी रूप मिळालं. बाराव्याला २०१७ मध्ये, आणि तेव्हा नुसतं चित्र उजळलं नव्हतं: पात्रांच्या कौशल्यांची सगळी रचना बदलली, वेग वाढवायची सोय दिली. तेराव्यालाही तेच द्या. पॅराडाइम आणि टीम लवकर उघडा, नेत्याचा नियम काढा, डेटालॉगमध्ये (गेममधली वाचायची माहिती) लपवलेली कथेची माहिती कटसीनमध्ये (मधल्या चित्रफितींत) आणा. आणि मुख्य म्हणजे तो पीएस५ वर आणा. एक्सबॉक्सवर जुन्या डिस्क २०१८ पासून नव्या मशीनवर चालतात, प्लेस्टेशनवाल्यांना मात्र आजही पीएस३ शोधावा लागतो. तेराव्याच्या कथेचे तिन्ही भाग एकत्र आले तर मी पहिल्या दिवशी पैसे मोजेन.

तोवर पीसीवर घेणार असाल तर साधारण ६० जीबी जागा मोकळी ठेवा. २०१४ मध्ये पीसीवर आला तेव्हा तो ७२०पी वरच अडकलेला होता, नंतरच्या पॅचने रिझोल्यूशन निवडता यायला लागलं. फ्रेम रेटसाठी चाहत्यांनी बनवलेला एफएफ१३फिक्स हा छोटा प्रोग्राम टाकाच. जपानी आवाजांचा पर्यायही मिळतो. आणि पाचव्या प्रकरणाच्या आत सोडू नका.