घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर सेवा : आत्याच्या आजारपणातला अनुभव

माझी आत्या मानसशास्त्रज्ञ होती. ऐंशी ओलांडल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाने बळ धरले, तेव्हा तिने केमोथेरपीचा पुढचा टप्पा नाकारला आणि घरी येऊन वेदना व धाप आटोक्यात ठेवणारी पॅलिएटिव्ह केअर सेवा स्वतः चौकशी करून निवडली. ती गेल्यानंतर या सेवेविषयी अनेकांनी विचारले, म्हणून हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. अशा सेवा साधारण एकाच धर्तीवर चालतात आणि त्या पारखताना काय पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिल्या भेटीला डॉक्टर, सिस्टर आणि समाजसेविका अशा तिघी आल्या. वेदना शून्य ते दहामध्ये किती, या प्रश्नाला आत्याने नीट उत्तर दिले. पण आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेली बाई असल्याने समाजसेविकेचीच उलटतपासणी घेण्याचा मोह तिला आवरला नाही. ‘तुम्हाला सर्वांत जास्त काय हवे आहे?’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र ती लगेच म्हणाली, ‘दिवसातून एकदा बाहेर.’ डॉक्टरांनी हे फाइलच्या पहिल्या पानावर, औषधांच्याही वर लिहिले. या सेवेचे खरे मोल मला त्या एका नोंदीत दिसते.

कारण बाहेर जाणे हा आत्याचा विरंगुळा नव्हता, तो तिच्या कामाचाच भाग होता. डोंगर चढणे आणि पक्षी पाहणे तर होतेच. शिवाय समुपदेशनासाठी आलेल्या काहींना ती खोलीत बसवण्याऐवजी चालायला घेऊन जाई. समोरासमोर बसून नजर चुकवणारा माणूस शेजारी चालताना मोकळा होतो, असे तिचे म्हणणे होते. मात्र ज्यांची अवस्था नाजूक असेल, त्यांना ती कधीही उघड्यावर नेत नसे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी, म्हणजे सतत ताणून धरलेले लक्ष थकते आणि निसर्गाच्या सौम्य ओढीत ते पुन्हा ताजे होते, ही तिला पटलेली होती. रॉजर उलरिच यांचा १९८४चा प्रसिद्ध अभ्यास मात्र ती जपून सांगे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, हा त्याचा निष्कर्ष. ‘पण एकच रुग्णालय आणि ४६ रुग्ण, हे विसरू नका,’ अशी पुस्ती ती जोडत असे.

अशा रुग्णाला धाप लागत असताना बाहेर कसे न्यायचे, हे या मंडळींनी बारकाईने ठरवले. फिजिओथेरपिस्टने उंबरठ्याची उंची मोजून व्हीलचेअरसाठी उतरती फळी बसवून घेतली. निघण्याच्या अर्धा तास आधी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा छोटा डोस, खुर्चीच्या पाठीला छोटा ऑक्सिजन सिलिंडर आणि मांडीवर बॅटरीवर चालणारा हातपंखा, असा क्रम त्यांनी लावून दिला. चेहऱ्यावर वाऱ्याचा झोत आला की धाप लागल्याची जाणीव कमी होते, हे मला ठाऊक नव्हते; आत्याला तर सिलिंडरपेक्षा पंख्याचाच भरवसा अधिक वाटे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू होते. मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरलेल्या नातेवाइकांना सिस्टरने शांतपणे समजावले, हेही नोंदवले पाहिजे.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणे, असा समज आमच्याही घरात होता. २०१०मध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ११.६ महिने होते, तर इतरांचे ८.९. आम्ही सेवा उशिराच बोलावली.

आता तक्रार. दिवसा जे घडते, ते रात्रीच्या फोनवर उरत नाही. एका रात्री आत्या भ्रमात अंथरुणातून उठू लागली, तेव्हा फोन घेणाऱ्याकडे तिची फाइलच नव्हती. त्याने सरळ रुग्णालयात हलवायला सांगितले. रुग्णालयात न नेण्याविषयीची तिची सही केलेली सूचना मी त्याला वाचून दाखवत होते, आणि ते काम माझे नव्हते. बऱ्याच वेळाने सिस्टरशी संपर्क झाला, तिने औषध सांगितले आणि मूत्राशय तुंबले आहे का ते पाहायला सांगितले. नेमके तेच कारण निघाले.

शेवटचा आठवडा मात्र त्यांनी उत्तम सांभाळला. गिळता येईना तेव्हा औषधे सिरिंज पंपाने त्वचेखालून सुरू झाली. पलंग खिडकीशी लावला, आणि एअर बेड असूनही कूस बदलण्याचे वेळापत्रक सोडले नाही. घशात घरघर होईल, श्वासांत मोठी अंतरे पडतील, हे सिस्टरने आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे तसे झाले तेव्हा कोणी धावाधाव केली नाही. आत्या दुपारी गेली, घरचे सगळे जवळ असताना. नंतर संस्थेकडून सेवेला गुण देण्याची प्रश्नावली इतक्या लवकर आली की आत्याने त्यावर चांगलेच तोंडसुख घेतले असते. शोकसमुपदेशन देऊ केले होते, ते माझ्या वडिलांनी घेतले आणि त्यांना त्याचा उपयोग झाला.

पाचपैकी चार गुण, आणि वजा केलेला एक संपूर्णपणे रात्रीच्या फोनचा. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : रात्री फोन घेणाऱ्यासमोर रुग्णाची फाइल असते का, मॉर्फिन संपत आल्यास सुट्टीच्या दिवशी ते कोण पोहोचवते, आणि रुग्णाला घराबाहेर न्यायचे असेल तर ते कोण जमवून देते.