इमारत महापालिकेची, शिक्षक संस्थेचे : भागीदारी शाळेतले आमचे पहिले वर्ष

गेल्या जूनमध्ये आम्ही मुलीला वस्तीतल्या एका खासगी इंग्रजी शाळेतून काढून महापालिकेच्या भागीदारी शाळेत दुसरीत घातले. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. आमच्यासारख्याच मिळकतीच्या घरांना निर्णय घेताना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मुलगी अजून तिथेच शिकते आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत.

या शाळांची रचना आधी समजून घ्यावी. इमारत, वीज, पाणी, पोषण आहार, गणवेश आणि दप्तर महापालिका देते. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिकवण्याची पद्धत स्वयंसेवी संस्थेची असते आणि दोघांमध्ये ठरावीक वर्षांचा करार असतो. पालकांना फी नसते. अमेरिकेत १९९१ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून ज्या चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालवल्या जाणाऱ्या शाळांना, वाट मोकळी केली, त्यांच्याशी या शाळांचे नाते जवळचे आहे. मात्र तिकडे प्रत्येक मुलामागे सरकारी पैसा शाळेकडे जातो, तर आपल्याकडे शिक्षकांच्या पगारासाठी संस्थांना मुख्यतः देणग्यांवर विसंबावे लागते. आकांक्षा फाउंडेशनने २००७ मध्ये पुण्यात अशी पहिली शाळा सुरू केली, मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये भागीदारीचे धोरणच केले आणि पिंपरी-चिंचवडमधील बोपखेलची अशीच एक शाळा २०२२ मध्ये एका जागतिक शालेय पुरस्काराच्या पहिल्या दहांत होती. तेव्हा ‘फुकटची शाळा’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

प्रवेशाच्या वेळी मुलीची चाचणी झाली नाही, आमची मुलाखत झाली नाही आणि देणगीचा विषयही निघाला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या गोष्टींना बंदीच आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे पालकांसमोर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. आमची अडचण वेगळीच होती. जुन्या शाळेने थकलेल्या फीसाठी शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरला होता. तोच कायदा सांगतो की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. नव्या शाळेतल्या लिपिकांना हे ठाऊक होते आणि जन्मदाखल्यावर त्यांनी मुलीला पहिल्या दिवसापासून वर्गात बसू दिले. ज्यांचा दाखला असा अडकला आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे इंग्रजी वाचन. जुन्या शाळेत मुलगी फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवून आणत असे आणि वहीत पानोपानी बरोबरच्या खुणा असत, पण समोर पुस्तक धरले तर एक ओळ वाचता येत नव्हती. नव्या शाळेत सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेने एकेका मुलाला जवळ बसवून त्याचे वाचन ऐकले आणि कोण कुठे अडखळते ते टिपून ठेवले. आमच्या मुलीला पहिलीच्या पातळीच्या गटात बसवले गेले, हे तिच्या वडिलांना अजिबात रुचले नव्हते. त्या गटात अक्षरांच्या ‘एस’सारख्या नावांऐवजी त्यांचे ‘स’सारखे ध्वनी जोडून शब्द वाचायला शिकवतात. दिवाळीपर्यंत ती किराणा दुकानात टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांवरची नावे ‘स’, ‘स’ असे पुटपुटत जोडू लागली होती आणि आज छोट्या गोष्टीचे पुस्तक कुणाच्या मदतीशिवाय संपवते.

दुसरा प्रसंग शिक्षिकेच्या घरभेटीचा. मुलगी पहिल्या तासाला डुलक्या घेते, म्हणून बाई संध्याकाळी घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि त्यांनी नळाला पाणी किती वाजता येते असे विचारले. ते पहाटे चारला येते आणि एका खोलीच्या घरात एक जण उठला की सगळेच उठतात. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गटाचे वाचन सकाळऐवजी जेवणाच्या सुट्टीनंतर घेतले जाऊ लागले. फी भरत होतो तेव्हा असा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

दुपारी साडेतीनपर्यंत चालणारी शाळा कामावर जाणाऱ्या बायकांना सोयीची आहे. खिचडी बरी असते. मुलगी खाते, अधूनमधून नावे ठेवते.

तक्रारींत पहिली शिक्षक टिकत नाहीत ही. ज्या बाईंनी हे सगळे केले त्या नाताळाच्या सुमारास सोडून गेल्या. संस्थेचे शिक्षक कराराने नेमलेले असतात; राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर कायम नोकरीची भरती निघाली की पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला शिक्षक अर्ज करणारच आणि त्याला दोष कसा द्यायचा? नव्या बाई मेहनती आहेत, पण मुलगी बरेच दिवस बुजल्यासारखी होती.

दुसरी तक्रार इमारतीची. मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ पावसाळ्यात बिघडला, तो संक्रांतीनंतर दुरुस्त झाला. इमारत आमची नाही असे संस्था म्हणते, रोजचा वापर संस्थेचा आहे असे महापालिकेचे कार्यालय म्हणते आणि तोवर मुली घरी येईपर्यंत पाणी प्यायचे टाळत होत्या. शेवटी हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत आला. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आमच्याकडे त्या खरोखरच आहेत आणि बोलतातही. पालकांच्या सह्यांचे पत्र गेल्यानंतर मग प्लंबर आला. एवढ्या कामाला ठराव लागावा, हे मला अजूनही पटत नाही.

मराठीकडे होणारे दुर्लक्ष मला सगळ्यात जास्त खटकते. राज्यात २०२० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि वेळापत्रकात तास आहेतही, पण इंग्रजी वाचनावर जो जीव ओतला जातो त्याच्या पावपटही इथे दिसत नाही. मुलगी वेलांट्या चुकवते, जोडाक्षर आले की थांबते. सध्या रात्री जेवणानंतर मीच तिच्याकडून पानभर वाचून घेते. पालकसभेत मी हे मांडले, तेव्हा इंग्रजीसारखीच मराठीचीही वाचनपातळी जूनपासून तपासू, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले.

या शाळेत नाव घालणाऱ्यांनी तीन प्रश्न आधी विचारावेत : करार कधी संपतो, दहावीपर्यंत वर्ग आहेत की आठवीला दुसरी शाळा शोधावी लागेल, आणि आताच्या वर्गशिक्षिका किती वर्षांपासून इथे आहेत. पहिल्या दोन्हींची उत्तरे आम्हाला कार्यालयात लगेच मिळाली, तिसऱ्यासाठी जुन्या पालकांना गाठावे लागले. धाकट्याचा अर्ज आम्ही याच शाळेत भरला आहे. कागदपत्रांत जन्मदाखला, आधार आणि रहिवासाचा पुरावा मागतात; भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरार आधीच तयार ठेवावा.