म्हापशात ब्रेक कॅलिपर खोलून घेतला, काम एक नंबर

पावसाळाभर माझ्या दुचाकीचा पुढचा ब्रेक चिकटत होता, गाडी ढकलायला गेलं तरी चाक धरून ठेवायचं. आधी एका ठिकाणी नुसते पॅड बदलून दिले आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यांना साधं चेसिसचं ग्रीस फासलं, त्याने पिनांवरचे रबरी बूटच (टोप्या) फुगले, खूप राग आला मला. मग म्हापशाच्या बाजाराजवळच्या छोट्या गॅरेजात नेली. मेकॅनिकदादांनी समोरच कॅलिपर खोलला, पिना गंजून तांबड्या, आपल्याकडची खारी हवा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. पिना घासून सिलिकॉन ग्रीस एकदम पातळ लावलं, पिस्टन साफ करून नवीन सील घातले, सीलला ताजं ब्रेक ऑइल लावूनच पिस्टन हाताने सरळ आत ढकलला. पॅडच्या पाठीला नि कडेच्या कानांना ग्रीसचा नुसता हात फिरवला, पण डिस्कला घासते त्या बाजूला बोटसुद्धा लागू दिलं नाही, तिथे तेल लागलं की ब्रेक गेलाच. मग डॉट ४ ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळीतली हवा काढली. लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबायला लावलं तेव्हाच चावी दिली. दोन-अडीच तास जातात, पण बिनधास्त जा.